अंगठ्याचं कौल

१

माणखारला शहर म्हणावं तर अलिबागवाले हसतात, आणि गाव म्हणावं तर माणखारवाले चिडतात. चिडणारच. कुठल्या गावाला नव्वद फुटी धुराडं असतं? कामगारांच्या चार लांबलचक चाळी, धक्क्यापर्यंत गेलेले ट्रॉलीचे गंजके रूळ, आणि वर घड्याळाचा मनोरा, ज्यातलं घड्याळ कधीच चोरीला गेलंय, हे कुठल्या गावात असतं? खाडीच्या चिखलाची कौलं करायचा कारखाना इथे ऐंशी वर्षं चालला. अठ्ठ्याऐंशी साली भट्टी विझली ती विझलीच. मग पुष्कळ वर्षांनी मुंबईचे लोक रो-रो बोटीने येऊन त्याच पडक्या भिंतींचे फोटो काढायला लागले, आणि माणखारवाल्यांना कळलं की आपण ज्याला अडगळ म्हणतो त्याला लोक हौसेने बघायला येतात.

दिपेशला हे पटवलं त्याच्या बायकोने. तो उरणला अकरा वर्षं कंटेनरचा ट्रेलर चालवून पाठीचा कणा झिजवून बसला होता. रुचिता अलिबागची, तिथल्याच एका रिसॉर्टमध्ये काउंटरवर बसलेली, बोलायला चटपटीत. तिने कारखान्याची ऑफिसची इमारत भाड्याने घ्यायला लावली, तीन खोल्या पाहुण्यांसाठी सजवल्या, आणि पहिलं बुकिंगही आणलं. शनिवारी दोन कुटुंबं येणार होती.

छप्पर दिपेशने स्वतः चढवलं होतं. प्रत्येक कौल त्याच्या हाताखालून गेलेलं. तरी रोज सकाळी सातला चहा झाला की तो शिडी लावून वर नजर फिरवायचा, कारण वानरं. वानरांना कौलं सरकवण्यात काय मजा येते ते त्यांनाच ठाऊक, पण दोन-चार तरी रोज सरकलेली असायचीच.

बुधवारी तो शिडीवर असतानाच खालून रुचिता ओरडली, “अहो, पलंगावर काय पडलंय बघा हे!”

मधल्या खोलीत, कालच आणलेल्या पांढऱ्या चादरीवर चिखलाचा थेंब होता. दोघं बघत असतानाच दुसरा पडला. मार्च महिना होता. चार महिन्यांत आभाळातून टिपूस नव्हता.

२

थेंब ज्या कौलातून येत होता ते दिपेशने वरून उचललं आणि त्याचा हात एकदम खाली गेला. दुप्पट वजन. बोटं आत रुतली.

कौल कच्चं होतं. साच्यातून आत्ता काढल्यासारखं, काळपट, गार आणि ओलं. कडा अजून धारदार होत्या. मागच्या बाजूला कारखान्याची छाप स्पष्ट उठली होती. साचे तर भंगारवाल्याने नेले त्याला तीस वर्षं झाली.

दिपेश विचारी माणूस. त्याने विचार केला. रुचिताने पाहुण्यांसाठी एक टूम काढली होती. मातीच्या छोट्या कौलावर अंगठा उठवायचा, भाजून घरी न्यायचं, माणखारची आठवण म्हणून. त्यासाठी आणलेली माती मागच्या पडवीत पडली होती. तिथूनच कुणीतरी गंमत केली असणार. पण पडवीतली कौलं तळहाताएवढी, आणि हे पुरतं दीड वितीचं. शिवाय कच्चं कौल छपराच्या लाकडी रिपेवर ठेवलं तर तासाभरात मोडून खाली येतं. विचार इथपर्यंत आला आणि थांबला. खाली चादर खराब होत होती.

“फोटो काढा आधी!” रुचिताने खालून फर्मान सोडलं. दुरुस्तीच्या आधी फोटो, नंतर फोटो, असा तिचा नियमच होता. दिपेशने शिडीवरूनच एक फोटो मारला, कौल घेऊन खाली उतरला, मागच्या फाटकाने धक्क्यावर गेला आणि ते खाडीत टाकलं. सुकती होती. पाणी लांब गेलं होतं. कौल चिखलात सपाट जाऊन बसलं.

टाकताना त्याने काही विचार केला नाही, आणि तिथेच चुकलं. दुसऱ्या कुठल्या गावचा माणूस असता तर कौल उकिरड्यावर फेकून मोकळा झाला असता. माणखारमध्ये उतरवलेलं कौल खाडीतच जातं. कारखान्यात कामाला लागणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी ओल्या कौलावर स्वतःचा अंगठा उठवायचा. ते भाजून त्याच्या घरावर चढायचं आणि तो जिवंत असेतो तिथे राहायचं. माणूस गेला, की देह उंबऱ्याबाहेर काढायच्या आधी ते कौल उतरवून सुकतीच्या वेळी खाडीत सोडायचं. दिपेशने आपल्या बापाचं कौल याच धक्क्यावरून सोडलं होतं. हाताला सवय होती, हाताने केलं.

३

गुरुवारी सकाळी रुचिताचा फोन उघडेना.

“अंगठा घेतच नाही मेला,” ती करवादली. नंबर टाकून फोन उघडला. भिंतींचा चुना हातांना लागला असेल म्हणून तिने ते साबण लावून धुतले, पदराला पुसले, पुन्हा लावला. नाही.

दुपारी दोघं बाजारपेठेत अक्साच्या सेतू केंद्रात गेले. पाहुणे ठेवायचे तर नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीला अंगठा लागतो. अक्सा इसहाक बोटवाल्याची नात, पंचविशीची, हुशार पोरगी. तिने मशीन पुढे सरकवलं.

“ठेवा भाभी.”

रुचिताने ठेवला. मशीनचा लाल दिवा तसाच लुकलुकत राहिला.

“दाबून ठेवा.”

“दाबूनच ठेवलाय गं.”

“दुसरा बघू या.” दुसरा झाला. मग दहाही बोटं झाली. अक्साने मशीनची काच पुसली, स्वतःचा अंगठा लावला. लगेच हिरवा दिवा. “मशीन चांगलं आहे. होतं असं, भाभी. चुन्यामातीच्या कामात रेषा घासतात. मिठागरातल्या बायकांचं तर कायमचंच आहे. हात बघू?”

तिने रुचिताचा अंगठा धरून दिव्याखाली नेला आणि त्यावरून स्वतःची बोटं फिरवून बघितली.

“काय झालं?” दिपेशने विचारलं.

“काही नाही. रेषा नाहीत फार,” अक्सा म्हणाली आणि हात सोडला. “खोबरेल लावा दोन दिवस. येतात परत.”

बाहेर येताना दिपेशने मागे वळून बघितलं. अक्सा आपली बोटं ओढणीला पुसत होती.

४

शुक्रवारी दुपारी रुचिताने तांदळाच्या भाकऱ्या केल्या. दिपेश ताटावर बसला, पहिली भाकरी हातात घेतली आणि तसाच राहिला.

बायकोच्या हातची भाकरी माणूस डोळे मिटून ओळखतो. रुचिता थापायची तेव्हा भाकरीवर तिच्या बोटांचे खळगे उठायचे, कडेला जरा खोल, कारण ती शेवटी घाईने फिरवायची. तिची आई त्यावरून तिला अजून बोलायची. आजची भाकरी गुळगुळीत होती. ताटासारखी.

“आज लाटलीस काय?”

“लाटीन कशाला? थापलीय की.” तिने पुढची भाकरी त्याच्यासमोरच थापली. तिची बोटं पिठावर पडत होती, थप थप आवाज येत होता, भाकरी पसरत होती. आणि पिठावर काही उमटत नव्हतं.

रुचिताने ते पाहिलं की नाही कोण जाणे. ती बोलतच होती, शनिवारी कोलंबी कुणाकडून घ्यायची याबद्दल. दिपेशने भाकरी खाल्ली.

जेवण झाल्यावर तो पडवीत जाऊन बसला आणि बुधवारचा फोटो त्याने मोठा करून बघितला. कौलाच्या मधोमध अंगठा उठलेला होता. त्या दिवशी चिखल बघण्याच्या नादात त्याला दिसला नव्हता. बारीक रेषा, एकीत एक फिरलेल्या. त्यांना तिरकी छेदून गेलेली एक जाड रेघ.

ती रेघ त्याला ठाऊक होती. लग्नानंतर आठव्या दिवशी रुचिताने विळीवर सुरमई कापताना अंगठा चिरून घेतला होता. त्यानेच फडकं बांधलं होतं, आणि ती रडायची सोडून हसत होती, कारण त्याला धड गाठही मारता येत नव्हती. दिपेश उठून आत गेला. रुचिता भांडी विसळत होती. त्याने तिचा उजवा हात पाण्यातून काढून उलटा केला. अंगठा कोवळा, गुळगुळीत. चिरेचा पांढरा व्रण अर्धा राहिला होता.

“काय हो?”

“काही नाही. खोबरेल लाव.”

दिपेश घाबरला होता. इतका, की तिच्यापुढून निघून जाण्यासाठी त्याला काहीतरी कारण शोधावं लागलं.

५

धर्माजी आजा चाळीच्या दुसऱ्या ओळीत शेवटच्या खोलीत राहायचा. वय चौऱ्याऐंशी. कारखान्यातला जिवंत उरलेला शेवटचा साचेवाला. बायको नीराबाई जाऊन पन्नास वर्षं झाली, मूलबाळ नाही. दिपेश गेला तेव्हा म्हातारा ओट्यावर बसून पाय धूत होता. गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल होता. या वयात हा खाडीत कशाला उतरतो, असं दिपेशच्या मनात आलं, पण विचारायचं दुसरंच होतं.

त्याने सगळं सांगितलं. फोटो दाखवला. धर्माजीने फोनकडे नीट बघितलंही नाही.

“कवा टाकलास? भरतीला क सुकतीला?”

“सुकतीला. चिखलात पडलं.”

“मंग अजून हाय.”

“काय आहे, आजा?”

म्हाताऱ्याने पायावर पाणी ओतलं. एक पाय धुऊन झाला, दुसरा घेतला.

“कच्चा हाय ना तो? भाजेल असता त पानी काय करनार व्हता? कच्च्याला पानी लागला क झिजतंय. भरती येतंय दिसातना दोन वेला.”

दिपेशने मनातल्या मनात मोजलं. बुधवारपासून चार भरत्या झाल्या होत्या, पाचवी चढत होती.

“ते तिथे आलं कसं पण? कुणी केलं?”

“मना काय ठाव.” धर्माजी पहिल्यांदाच त्याच्याकडे वळला. डोळे लाल होते, जागरणाचे. “माझे नीराचा पन आसाच आला व्हता. कामाला लागली नव्हती ती कवा. तिचा आंगठा कवा उठवला नव्हता. लोक बोलतान तापानं गेली. मी राखलेला तीन दिस. चवथ्या दिसाला डोला लागला माझा.”

“राखलं म्हणजे? कसं राखलं?”

“तू आगऱ्याचा पोर ना रं? तुला सांगाया पायजे?”

एवढं बोलून म्हातारा उठला, घरात गेला आणि दार लावून घेतलं. दिपेशला वाटलं, वेडा झालाय म्हातारा. ते त्याला मनापासून वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

घरी आल्यावर तो रुचिताच्या शेजारी पायरीवर बसला. पाणी धक्क्याला लागलं होतं, चढतच होतं.

“माझा हात धरा ना जरा,” रुचिता म्हणाली.

“धरलाय की.”

तिने खाली बघितलं. तिचा हात त्याच्या दोन्ही हातांत होता.

“हो का?” ती म्हणाली. “बरं.”

६

शनिवारी पूर्ण सुकती साडेदहाला होती. पाहुणे साडेअकराला येणार. दिपेशने नऊलाच पँट वर दुमडली.

“आत्ता कुठे निघालात?” रुचिताने विचारलं. ती नुकत्याच पुसलेल्या ओल्या लादीवरून चालत दारापर्यंत आली. लादीवर पावलं उमटली का, ते दिपेशने बघितलं नाही.

“चिंबोऱ्या मिळतायत का बघतो. पाहुण्यांना आवडतील.”

“लवकर या. मला एकटीला सुधरायचं नाही.”

खाडीचा चिखल लबाड असतो. वरून सपाट दिसतो आणि कुठे घोट्यापर्यंत नेतो, कुठे मांडीपर्यंत. दिपेश धक्क्याच्या टोकापासून सरळ पुढे निघाला. सभोवती जुनी कौलं पडली होती, सगळी भाजलेली, लाल, शेवाळलेली. शंभर वर्षांची माणसं. आपल्या बापाचं यात कुठलं हे तो शोधत नव्हता, तरी नजर जात होती. तो वाकून एकेक बघत होता, आणि मनातला शहाणा दिपेश त्याला बजावत होता की कच्ची माती पाण्यात तीन दिवस राहत नसते. विरघळली असेल. गेली असेल. चल घरी.

साडेदहा वाजून गेल्यावर, तिवरांच्या अलीकडे, भरतीने सरकवत नेलेलं ते सापडलं.

कौल होतं. चिखलात चिखल, पण चौकोन ओळखू येत होता. कडा झिजून गोल झाल्या होत्या, कारखान्याची छाप असेल ती खाली गाडली गेली होती. मधला अंगठा पुसट झाला होता. बाहेरच्या रेषा गेल्या होत्या. आतला एक भोवरा आणि तिरकी रेघ, एवढंच राहिलं होतं. दिपेशने बोटं खाली घालून उचलायचा प्रयत्न केला आणि कोपरा तुटून हातात आला.

धक्क्याच्या बाजूने रुचिताचा आवाज आला. छोटासा. दुखल्यावर निघतो तसा.

दिपेशने हात काढून घेतला. तो तुटलेला कोपरा जागच्या जागी ठेवून त्याने चिखलाने सांधला, आईने पोराच्या जखमेला हळद लावावी इतक्या हलक्या हाताने. मग त्याने पाण्याकडे बघितलं. भरती लागली होती. लांबवर पाण्याची कड चमकत होती आणि निवट्या, चिखलातले ते छोटे मासे, उड्या मारत अलीकडे सरकत होत्या.

राखणं म्हणजे काय, हे त्याला तेव्हा समजलं. खारजमिनीत वाढलेल्या पोराला बांध घालायला शिकवावं लागत नाही. बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री अख्खं गाव चिखलाचे गोळे घेऊन धावायचं, दिपेश सात वर्षांचा असल्यापासून धावला होता. त्याने गुडघे टेकले, दोन्ही हातांनी चिखल ओढला आणि कौलाभोवती रिंगण घालायला सुरुवात केली.

७

पाणी आलं तेव्हा बांध हातभर उंच झाला होता. पाणी त्याला लागलं, वळसा घालून पुढे गेलं. आत थेंब नव्हता. दिपेश चिखल थापत होता, हसत होता, आणि आपण रडतोय हेही त्याला कळत होतं.

“अहो!” धक्क्यावरून हाक आली. “पाहुणे आले! कुठे आहात?”

“आलो!” तो ओरडला आणि अजून एक गोळा बसवला. रोज दोनदा भरती. असू दे. ट्रेलरवर चार-चार रात्री जागून काढल्या होत्या, हे काय मोठं. पाहुणे येतील, जातील, आपण इथे बसू. बायको राहील.

कंबर मोकळी करायला तो जरा ताठ झाला, आणि तेव्हा त्याला आजूबाजूचं दिसलं. पाणी पातळ पसरलं की चिखलातले उंचवटे उघडे पडतात. ते गोल होते. हातभर रुंदीची रिंगणं, झिजून बसलेली, एक, चार, दहा, पार तिवरांपर्यंत. लहानपणापासून तो ही रिंगणं बघत आला होता आणि ओहोळांनी केलेली समजत होता. प्रत्येकाला कुठे ना कुठे खांड पडलेली. प्रत्येक रिकामं.

त्यातलं एक तेवढं ताजं होतं. कुणीतरी आजच माती चढवून, हाताने थापून गुळगुळीत केलेलं. तेही रिकामं होतं. धर्माजीच्या पायांवरचा चिखल दिपेशला आठवला.

दिपेश झटकन आपल्या बांधाकडे वळला. बांधाला कुठे खांड नव्हती. पाणी वरूनही येत नव्हतं. ते आतून, कौलाच्या कडेने, खालच्या चिखलातून वर येत होतं, अगदी सावकाश.

त्याने ओंजळीने उपसायला सुरुवात केली. जेवढं काढावं तेवढं भरत होतं. त्याने डावा तळवा अंगठ्याच्या ठशावर पालथा धरला आणि उजव्या हाताने उपसू लागला.

“अहो, ऐकता का? ते लोक जेवणाचं विचारतायत!”

“रुचिता!” त्याचा आवाज फाटला. “तू बोलत राहा! थांबू नको! मला ऐकू येईल असं बोलत राहा!”

“काय बोलू?” ती हसली. धक्क्यावर चार माणसांत नवरा खाडीत बसून ओरडतोय म्हणून लाजून हसली असावी.

“काहीही! जेवायला काय आहे ते सांग!”

“कोलंबीचं कालवण केलंय,” रुचिता मोठ्याने म्हणाली. “भाकऱ्या आहेत. वांग्यात सुकट घातलीय. सोलकढी अजून गाळायचीय, ती तुम्ही आल्यावर. छोट्या मुलांना तिखट नको म्हणून वरणभात टाकलाय. आणि पापड—”

दिपेश वाट बघत राहिला. पाणी बांधाबाहेर चुबुकचुबुक करत होतं. धक्क्यावरून कुणा लहान मुलाचा आवाज आला, मग एका बाईचा, हिंदीत काहीतरी विचारणारा, पण रुचिताचा नाही. तळव्याखाली माती मऊ झाली होती, आणि आता तिथे माती आहे की पाणी ते त्याला कळत नव्हतं.

त्याने मान वर केली नाही. तो उपसत राहिला.